अर्धे अंग कोणाचे?

व्याकरणाच्या तासाला ‘लिंग’ हा शब्द उच्चारला की मागच्या बाकांवर खसखस पिकते. पोरे माना खाली घालतात, पोरी एकमेकींना कोपरखळ्या मारतात. मला त्यांचा राग येत नाही. ते वयच तसे. राग येतो तो मोठ्यांचा. कारण शिवाच्या पिंडीचा विषय निघाला की आपल्यातली शहाणीसुरती, पिकल्या केसांची माणसेही याच पोरांसारखी वागतात. काही माना खाली घालतात, काही खसखसतात.

माना खाली घालणाऱ्यांचा एक पक्ष आहे. तो म्हणतो, ही ज्योत आहे, हा ब्रह्मांडाचा आकार आहे, ही ऊर्जा आहे. स्त्रीपुरुषांचा येथे संबंधच काय? खसखसणाऱ्यांचा दुसरा पक्ष आहे. त्याने परदेशी पाद्र्यांची आणि साहेबांची जुनी पुस्तके चाळलेली असतात. तो म्हणतो, हे काही नव्हे, रानटी काळातली अवयवपूजा आहे आणि तुम्ही भोळे लोक तिच्यावर दूध ओतता. हे दोन्ही पक्ष एकमेकांशी हिरिरीने भांडतात. पण त्यांच्यात एक विलक्षण एकमत आहे. दोघेही फक्त उभ्या दगडाकडे पाहतात. त्या दगडाला ज्या शाळुंकेने कवेत घेतले आहे, तिच्याकडे दोघांचीही दृष्टी जात नाही. पहिल्याला ती दिसली तर त्याची ज्योत अडचणीत येते, आणि दुसऱ्याला ती दिसली तर त्याची थट्टा लंगडी पडते.

मी शास्त्रीपंडित नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शाळेत मुलांना शिकवते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. पण शब्दांशी रोजचा व्यवहार असल्यामुळे एवढे ठाऊक आहे की ‘लिंग’ या शब्दाचा मूळ अर्थ खूण. न्यायशास्त्रात धूर हे अग्नीचे लिंग मानले आहे. धूर दिसला की अग्नी आहे असे समजायचे. व्याकरणातले लिंगही तसेच, शब्दाची जात ओळखण्याची खूण. मग पिंडी ही कशाची खूण? उत्तर डोळ्यांपुढे आहे. पुरुषाची खूण आणि स्त्रीची खूण एकमेकींत अशी बसवली आहेत की एक काढली तर दुसरीला अर्थ उरत नाही. वाहिलेले पाणी लिंगावरून उतरते, शाळुंकेत येते आणि तिच्या नाळेवाटे बाहेर पडते. ही नाळ कोणी ओलांडत नाही. शंकराला प्रदक्षिणा घालणारा मनुष्य नाळेपाशी पोचला की मागे फिरतो. म्हणजे ज्या अर्ध्या भागाचे नाव घ्यायला आपण लाजतो, त्याच्या मर्यादेवर आपले पाऊल थबकते. पाय जे जाणतात ते जिभेला कबूल करवत नाही, एवढेच!

हीच गोष्ट घारापुरीच्या लेण्यात दुसऱ्या भाषेत सांगितली आहे. तिथला अर्धनारीश्वर सुमारे सहाव्या शतकातला. उजवे अंग शिवाचे, डावे पार्वतीचे. शिल्पकाराने रेघ मधोमध मारली आहे. बाईला चतकोर आणि बुवाला पाऊण असा हिशेब त्याने केलेला नाही.

आता माझ्या जिल्ह्याकडे येते, कारण हा वाद मला पोथीतला नाही, घरचा आहे.

आमच्या नेवाशात मोहिनीराजाचे देऊळ आहे. वाचकहो, हे नावच एकदा मोठ्याने उच्चारून पाहा. मोहिनी हे बाईचे नाव, त्याला जोडला राजा. समुद्रमंथनानंतर विष्णूने मोहिनीचे रूप घेतले आणि अमृत वाटले, ते याच ठिकाणी, अशी आमच्याकडची कथा. पंक्तीत घुसलेल्या राहूचे शिर उडाले ते पडले राहुरीला, काया पडली ती कायगावला. कथेची भौगोलिक शहानिशा करण्याचा माझा हेतू नाही. मला एवढेच दिसते की जगाचा सांभाळ करणाऱ्या देवाला सर्वांत अवघड काम आले, तेव्हा त्याने शंखचक्र परजून दम दिला नाही. तो बाई झाला. आणि त्या बाई झालेल्या देवाला आमच्या पूर्वजांनी कमीपणा मानला नाही; राजा म्हटले, देऊळ बांधले, गावाचे दैवत केले. खंडोबाची म्हाळसाही लोककथेप्रमाणे नेवाशाच्याच तिम्मशेट वाण्याची लेक.

याच नेवाशात शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली तो पैसाचा खांब आजही तिथे उभा आहे. दुर्गाबाई भागवतांनी आपल्या १९७० च्या लेखसंग्रहाला ‘पैस’ हे नाव दिले ते त्याच्यावरून. ती लिहून घेणारा सच्चिदानंदबाबा मेलेलाच होता, असे परंपरा सांगते. त्याची बायको सती जायला निघाली होती. वाटेत तिने ज्ञानदेवांना नमस्कार केला, त्यांच्या तोंडून सौभाग्याचा आशीर्वाद गेला, आणि तो खरा करण्यासाठी त्यांनी नवरा उठवला. चमत्कार माना अगर मानू नका; कथेचे बोट कोठे आहे ते पाहा. चितेकडे निघालेल्या एका बाईने वाकून नमस्कार केला म्हणून मराठीच्या त्या ग्रंथाला लेखक मिळाला!

अमृतानुभवही नेवाशातलाच, असे परंपरा मानते. त्याचे पहिले प्रकरण आहे शिवशक्तीच्या एकरूपतेचे. मी ते पुन्हा पुन्हा वाचते आणि दर वेळी चकित होते. ज्ञानदेव देवाची आणि देवीची जोडी घेतात आणि सांगतात, दोन दिवे पण उजेड एक, दोन डोळे पण पाहणे एक. तो झोपला की ती जागी राहून सगळे चराचर प्रसवते. ती विसावली की त्याचे नवरेपणच उरत नाही. आपला नवरा निराकार आहे याची तिला लाज वाटते, म्हणून ती त्याला जगाएवढे नामरूपाचे लेणे घालते. म्हणजे देवाला देवपण आहे ते तिच्यामुळे. ऐन विशीतल्या एका ब्रह्मचारी मुलाने सातशे वर्षांपूर्वी हे लिहिले. त्याला पिंडीची लाज वाटली नाही, हसूही आले नाही. त्याने दोन्ही अंगे पाहिली.

यावर एक पंडिती आक्षेप मला माहीत आहे. ‘बाई, हे अद्वैत आहे. हा वेदांत आहे. याचा संबंध तुमच्या बायकांच्या हक्कांशी लावू नका.’ मी नम्रपणे विचारते, अद्वैत सांगायला दुसरे दृष्टांत नव्हते काय? सोने आणि दागिना होता, पाणी आणि लाट होती. ज्ञानदेवांनी ते इतरत्र वापरलेही आहेत. तरी ग्रंथाच्या दारातच त्यांनी नवराबायको उभी केली, आणि दोघांत थोरला कोण, हे ठरवायचे साफ नाकारले. शिवाय ज्ञानेश्वरीच्या अखेरीस हेच ज्ञानदेव वेदाला श्रीमंत पण कृपण म्हणतात, कारण तो तीन वर्णांच्याच कानी लागला. स्त्रीशूद्रांची ती वाण गीतेने भरून काढली, असे ते सांगतात. ज्याने वेदाला कंजूष म्हणायला भ्यायले नाही, त्याचे अद्वैत उंबऱ्यापाशी थांबत होते असे मला कोणी सांगू नये.

आता याच नेवासे तालुक्यातले दुसरे गाव घ्या. शनिशिंगणापूर. घरांना दारे नाहीत म्हणून जगप्रसिद्ध झालेले. तिथल्या देवालाही छप्पर नाही, भिंती नाहीत. उघड्या चौथऱ्यावर काळी शिळा उभी आहे. पण ज्या गावात घराला दार नव्हते, त्या गावात देवाच्या चौथऱ्याला बाईपुरते दार होते, आणि ते बंद होते. २०१५ च्या नोव्हेंबरात एक तरुणी त्या चौथऱ्यावर चढली आणि तेल वाहून उतरली. लगेच शिळेला दुधाचा अभिषेक करून देव ‘शुद्ध’ करण्यात आला. २०१६ च्या जानेवारीत देवस्थानाच्या अध्यक्षपदी प्रथमच एक स्त्री निवडली गेली. कारभार पाहायला बाई चालली. तेल वाहायला नाही. त्याच महिन्यात प्रजासत्ताकदिनी चौथऱ्याकडे निघालेल्या बायकांना पोलिसांनी सुप्यापाशीच अडवले. अखेर मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की पुरुष जिथे जातो तिथे बाईला अडवता येणार नाही. त्यासाठी नवा कायदाही लागला नाही. १९५६ चा कायदा साठ वर्षे कपाटात पडून होता, आणि अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद त्यात लिहिलेली होती.

मग काय झाले? चौथरा सगळ्यांनाच बंद! बाई येणार असेल तर बुवाही नको. शेवटी ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याला, गावातले पुरुष रिवाजाप्रमाणे गोदावरीचे पाणी घेऊन बंदी मोडून चौथऱ्यावर चढले; त्यांना आवरणे देवस्थानाला जमले नाही, आणि त्याच दिवशी चौथरा स्त्रीपुरुष सर्वांना खुला झाल्याचे जाहीर झाले. देवाच्या दारी समता आली ती अशी; पुरुषांना स्वतःची बंदी एक आठवडाभरही सोसवली नाही म्हणून.

त्याच एप्रिलमध्ये शेजारच्या नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरी हाच प्रयोग झाला. तिथेही आधी पुरुषांना गाभारा बंद केला. नंतर बाईला परवानगी मिळाली. दिवसातून एक तास, पहाटेची वेळ, अंगावर ओले सुती किंवा रेशमी वस्त्र. आता त्र्यंबकेश्वराची पिंडी कशी आहे, ते ज्यांनी पाहिले त्यांनी आठवावे. तिथे वर आलेले लिंग नाही. शाळुंका आहे, तिच्यात खळगा आहे, आणि खळग्यात अंगठ्याएवढी तीन लिंगे. म्हणजे ज्या ज्योतिर्लिंगात शाळुंकाच काय ती डोळ्यांत भरते, त्याच्या गाभाऱ्यात बाई चालत नव्हती! दगडातली स्त्री पूज्य. हाडामांसाची आली की विटाळ. याला धर्म म्हणायचे की धर्माची शुद्ध फसवणूक?

‘शनी म्हणजे शंकर नव्हे, प्रत्येक देवाची शिस्त वेगळी,’ असे सांगणारे भेटतात. कबूल; शनी वेगळा. पण त्यालाही आई आहे, तिचे नाव छाया. आईवाचून जन्मलेला देव असता तर हा युक्तिवाद मी जास्त गंभीरपणे ऐकला असता. आणि त्र्यंबकेश्वर तर शंकराचेच. तिथे ही शिस्त कोठून आली?

‘गावातल्या बायकांनाच नको आहे,’ हा दुसरा मुद्दा. असेल. पण कुलूप लावलेल्या दारातून मला आत जायचेच नाही, असे म्हणणारीची इच्छा अजून कसोटीला लागलेली नसते. दार उघडा, मग जिला नको ती आपखुशीने पायरीवरून हात जोडील. तिच्या श्रद्धेला मी दोनदा नमस्कार करीन.

आणि तिसरा मुद्दा सर्वांत गुळगुळीत: ‘आम्ही तर स्त्रीला देवी मानतो, पुरुषाची अर्धांगिनी मानतो.’ या एका शब्दाने जेवढे नुकसान केले तेवढे शिव्यांनी केले नसेल. अर्धांगिनी! अंग त्याचे, त्यातला अर्धा वाटा तिचा. नवऱ्यासाठी असा शब्द मराठीत चालतो का? तो कोणाचे अर्धे अंग आहे? तो आपला सबंधच असतो; लग्नाआधी सबंध, लग्नानंतर सबंध, आणि बायको मेली तरी वर्षाच्या आत बोहल्यावर चढायला सबंध. अर्धी असते ती बाईच. म्हणून नवरा गेला की ती उरली म्हणजे काय उरले, हा प्रश्न समाजाला पडतो, आणि तिचे कुंकू पुसून तो त्याचे उत्तर देतो. घारापुरीच्या शिल्पकाराने रेघ देहाच्या मधोमध मारली. आपण ती बाईच्या कपाळावरून मारली.

माझे वडील गेले त्या वर्षीची तुळशीची लग्ने मला आठवतात. आईने वृंदावन स्वतः सारवले, ऊस उभे केले, चिंचा-आवळे मांडले, अंतरपाटासाठी धुतलेले धोतर काढून दिले. मंगलाष्टके सुरू झाली तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दाराआड होती. तिला कोणी जा म्हणाले नव्हते. जा म्हणावे लागत नाही, इतके आपण तिला शिकवून ठेवले होते. बाहेर तुळशीचे आणि बाळकृष्णाचे लग्न लागत होते, स्त्री आणि पुरुष एक होत असल्याचा सोहळा चालला होता, आणि तो ज्या हातांनी मांडला ते हात दाराआड एकमेकांत गुंतवून उभे होते. वृंदेची कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हेही ठाऊक असेल की तुळस ही मुळात नवरा गमावलेली बाई. तिचे लग्न आपण दरसाल थाटाने लावतो. आमच्या आईला अक्षता टाकू देत नाही.

या बाबतीत एका गावाने शहाणपण दाखवले आहे, ते नोंदवायला हवे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा गावात बंद. सरकारनेही इतर गावांनी हाच कित्ता गिरवावा असे कळवले. त्या ठरावाला अर्धनारीश्वराचे भाष्य म्हणायला मला संकोच वाटत नाही. ग्रामपंचायतीच्या वहीत ते लिहिले गेले म्हणून ते कमी पवित्र ठरत नाही.

आणि आमच्या जिल्ह्याला तर याहून मोठा पुरावा देवाने दिला आहे. जामखेड तालुक्यातल्या चौंडीला १७२५ साली एक मुलगी जन्मली. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तिचा नवरा पडला. सासऱ्याने विनवून तिला सती जाण्यापासून परतवले. १७६७ पासून मरेपर्यंत, १७९५ पर्यंत, तिने राज्य चालवले, आणि हुकूम सुटत ते शंकराच्या आज्ञेने म्हणून सुटत. काशीविश्वेश्वराचे देऊळ तिने उभे केले. तिचे चित्र ज्या ज्या घरात आहे तिथे जाऊन पाहा: पांढरे वस्त्र, मोकळे कपाळ, आणि तळहातावर शिवाची पिंडी. विधवेच्या हातात पिंडी! २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. फलक बदलले, शिक्के बदलले, शाळेच्या दाखल्यांवरचे नाव बदलले. छान झाले. पण ज्या बाईचे नाव आपण वेशीवर लावले, तिला आपल्यातल्या किती देवळांत आज गाभाऱ्यापर्यंत जाऊ दिले असते? आणि किती घरांत हळदीकुंकवाला बोलावले असते? नाव घेतले की ऋण फिटले, ही आपली जुनी खोड आहे. मोहिनीराजाचे नाव घेतो, अर्धनारीश्वराचे घेतो, अहिल्याबाईंचे घेतो. आणि नाव घेऊन झाले की दार लावून घेतो.

याच जिल्ह्यात हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराची गुहा आहे. भलेमोठे लिंग, भोवती कमरेइतके गार पाणी, चार खांबांपैकी एकच उरलेला. या गडाशी चांगदेवांचे नाव जोडलेले आहे; चौदाशे वर्षांच्या योगसामर्थ्याचा लौकिक असलेला हा पुरुष अखेर मुक्ताबाईचा, एका कोवळ्या पोरीचा, शिष्य झाला. आज गड चढून आलेल्या मुली त्या पाण्यात उतरतात आणि हातांत हात घालून पिंडीभोवती फिरतात. तिथे त्यांना अडवायला कोणी बसलेला नाही. सातशे वर्षांत तीन खांब ढासळले असतील, पण ते बाईच्या पावलांनी ढासळले असे कोणी म्हटलेले माझ्या कानावर नाही.

म्हणून माझे मागणे थोडके आहे. या दिवाळीनंतर तुळशीचे लग्न लागेल तेव्हा पहिली अक्षता घरातल्या विधवेच्या हातून पडू द्या. गावच्या ज्या देवळात बाईला पायरीवरून हात जोडावे लागतात, तिथे गावकऱ्यांनी बसून ती पायरी विचारात घ्यावी. न्यायालयाची आणि पोलिसांची वाट पाहू नये. आणि मुलांनी विचारले की पिंडी म्हणजे काय, तर लाजू नका, हसूही नका. सांगा, की ही दोघांची मिळून एक खूण आहे, आणि यातला कोणीही दुसऱ्याचा अर्धा नाही.

हे ज्यांना मान्य नाही त्यांनी निदान प्रामाणिकपणा दाखवावा. पिंडीखालची शाळुंका काढून बाजूला ठेवावी, उभ्या दगडावर घागर ओतावी, आणि ते पाणी गाभाऱ्यातून बाहेर कसे काढायचे याचा विचार मग करीत बसावे.